भूलवाले

मुदखेड जंक्शन आलं की सगळे उतरायच्या घाईत असतात. आमचे भूलवाले डॉक्टर मात्र समोरच्या बाकावर तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या माणसाकडे बघत बसलेले. फार वेळ बघवत नाही. हात जातोच. दोन बोटांनी ती अनोळखी हनुवटी अलगद वर उचलतात, घोरणं थांबतं आणि जागा झालेला गृहस्थ आधी खिसा चाचपतो.

लोकांना वाटतं, सुई टोचली की यांचं काम संपलं. खरं काम सर्जन हातमोजे काढून चहाला गेला की सुरू होतं. टॉन्सिल काढलेलं लेकरू टेबलावर, ना धड झोपेत ना जागं. अशा वेळी रक्ताचा नाहीतर लाळेचा एक थेंब स्वरयंत्रावर पडला, की ते गच्च मिटू शकतं. छाती-पोट हलतं, पण हवा आत जात नाही; आवाजही नाही. म्हणून घशातली श्वासाची नळी काढायची ती एकतर गाढ झोपेत, नाहीतर पूर्ण जाग आल्यावर. मग लेकरू कुशीवर, यांची बोटं जबड्यामागे, कान श्वासाला. त्यानं भोकाड पसरलं की यांचा चेहरा खुलतो. दुसऱ्याचं पोर रडल्यावर इतका खूश होणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

तान्ह्या बाळाची श्वासाची वाट जेमतेम चार मिलिमीटर. चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, की अडथळा सोळा पट. हा हिशेब ते पानटपरीवरही ऐकवतात.

वैर एकाच जमातीशी : आज्यांशी.

"सकाळपासून काही दिलं का?"

"काई नाई, साहेब. निर्जळी हाये लेकरू."

"बिस्कीट?"

"ते दिलं की, चहात बुडवून. ते काय जेवण हाय का?"

ऑपरेशन उद्यावर. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं तर काय, हे आजीला कोण सांगणार? शिव्या अर्थात भूलवाल्यांना.

तेव्हा वाचकहो, जेवण, वरचं दूध, बिस्कीट सहा तास आधी बंद. आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. चुकून दिलंच, तर सांगून टाका. सर्दी-खोकलाही लपवू नका. भूलवाले रागावतील, पण उद्या सकाळच्या गाडीनं परत येतील.