मावशीला बजेट कळतं

भावी नगरसेवक साहेब,



तुमचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. तशी गरजही नाही. आंबेडकर जयंती असो, ईद असो, गणपती असो, ते नाव चौकात टांगलेलं असतं. हात जोडलेला फोटो, त्याखाली 'भावी नगरसेवक', आणि त्याखाली लाल अक्षरांत 'पारदर्शक कारभार'. त्या दोन शब्दांवरूनच मला तुमच्याशी भांडायचं आहे.

२०२३ च्या मार्चमधली ती संध्याकाळ आठवून पाहा. छावणी परिषदेची, म्हणजे कँटोन्मेंट बोर्डाची, निवडणूक ३० एप्रिलला होणार, असं केंद्र सरकारने जाहीर केलं होतं. तुम्ही आमच्या गल्लीत आलात, म्हाताऱ्यांच्या पाया पडलात. नळाचं बोललात, नालीचं बोललात, खांबावरच्या बंद दिव्याचं बोललात. मी विचारलं, "परिषदेचं अंदाजपत्रक वाचलंय का तुम्ही? घरपट्टीचे किती जमतात आणि त्यातले नालीवर किती जातात?" तुम्ही हसलात. म्हणालात, "मावशी, बजेट ही साहेब लोकांची गोष्ट. पब्लिकला त्यातलं काही कळत नसतं. तुम्हाला नाली पाहिजे ना? नाली देतो." मागे उभी असलेली पोरंही हसली.

ते हसणं मी विसरलेले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

साहेब, मला बजेट कळतं. आमच्या बचत गटाची वही कितीतरी वर्षं माझ्याकडे आहे. महिन्याला शंभर रुपये भरणाऱ्या बाया आहोत आम्ही. कुणी शिलाई करते, कुणी धुणीभांडी करते, एक जण गुरुवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. दर महिन्याच्या बैठकीत मी वही मोठ्याने वाचते: जमा किती, कर्ज कुणाला, व्याज किती आलं, कुणाचा हप्ता थकला. ज्यांना वाचता येत नाही त्यासुद्धा बोटावर हिशोब धरतात आणि दहा रुपयांची चूक निघाली तर मला तिथेच थांबवतात. मग सही, नाही तर अंगठा. त्या वहीवर आजवर आमच्यात भांडणं झाली, पण गट मोडला नाही. मोडला नाही कारण वही कधी बंद ठेवली नाही. या बायांना तुम्ही सांगता की पब्लिकला बजेट कळत नाही!

आणि 'नाली देतो' म्हणजे काय? तुमच्या खिशातून देणार आहात का? नाली येते ती अंदाजपत्रकातल्या एका ओळीतून. ती ओळ कुणी लिहिली, तिच्यापुढचा आकडा कुणी कमी केला, मार्च संपला तेव्हा त्यातला किती पैसा तसाच पडून राहिला, हे ज्याला माहीत नाही तो नाली देऊ शकत नाही. तो फक्त कुणी तरी बांधलेल्या नालीसमोर नारळ फोडून फोटो काढू शकतो.

छावणीचा पैसा कुठून येतो, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. आमची घरपट्टी आणि पाणीपट्टी आहे. दुकानांचे परवाने आणि गाळ्यांची भाडी आहेत. गुरुवारी बाजारात जनावरं येतात, भाजीवाले बसतात, पावत्या फाटतात. वरून संरक्षण मंत्रालयाचं अनुदान येतं. लष्कराच्या इमारतींना मालमत्ता कर लागत नाही, त्याच्या बदल्यात सेवाशुल्क मिळायचं असतं, आणि ते थकलं म्हणून देशभरातल्या छावणी परिषदा वर्षानुवर्षं तक्रार करत आल्या आहेत. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या परिषदा राज्याकडे त्यातला वाटा मागत आहेत. मग मी तुम्हाला विचारते: आपल्या परिषदेचं सेवाशुल्काचं येणं आज किती आहे? बाजाराच्या पावत्यांतून गेल्या वर्षी किती जमले? पावतीचं काम ठेक्याने दिलं असेल तर तो ठेका कितीला गेला? यातल्या एकाचंही उत्तर तुम्ही कधी गल्लीत येऊन सांगितलं नाही. मला भीती याची आहे की तुम्ही ते शोधायलाच गेला नाहीत.

शोधायला जायला निवडून यावं लागत नाही. तुमच्यावर माझा खरा राग आहे तो यासाठी. २००६ च्या छावणी कायद्यात स्वच्छ लिहिलंय: परिषदेने साधारणपणे दर महिन्याला बैठक घ्यायची. ती लोकांसाठी खुली असते. बंद ठेवायची तर अध्यक्षांना त्याचं कारण लेखी नोंदवावं लागतं. बैठकीचं इतिवृत्त छावणीतल्या कोणत्याही रहिवाशाला फुकट पाहता येतं. वर माहिती अधिकाराचा कायदा आहे, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अंदाजपत्रक आणि खर्चाचा तपशील कुणी न मागताही कार्यालयाने जाहीर करायचा असतो. नसेल केला तर दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. हा कायदा देशात यायच्या आधी आपल्या महाराष्ट्राने स्वतःचा केला होता आणि त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. तुमच्या एका फ्लेक्सच्या खर्चात असे किती अर्ज झाले असते, याचा हिशोब मी घातला आहे. तो इथे लिहीत नाही, तुम्हीच घाला.

तुमचं उत्तर मला पाठ आहे: "मावशी, सदस्याला छावणीत अधिकारच कुठे असतो? अध्यक्ष लष्कराचे अधिकारी, कारभार सीईओंच्या हाती." खरं आहे. सात प्रभागांतून सात जण निवडून जाणार. समोर पदसिद्ध आणि नेमलेले तेवढेच. मतं सारखी पडली तर अध्यक्षांचं जादा मत निर्णायक. निवडून आलेल्यांपैकी एखाद्याला उपाध्यक्ष होता येतं, त्यापलीकडे जाता येत नाही. अंदाजपत्रकाची शेवटची मंजुरीही वरूनच येते. हे सगळं मान्य. पण मग सांगा, जिथे सदस्याला बहुमत कधीच मिळणार नाही, तिथे त्याच्या हातात उरतं काय? फक्त वही उरते. आकडे वाचायचे, बैठकीत विचारायचे, बाहेर येऊन गल्लीत सांगायचे. महापालिकेतल्या नगरसेवकाला ठराव तरी मंजूर करून घेता येतो. छावणीतल्या सदस्याची सगळी ताकद उघडपणात आहे, आणि नेमकी तीच तुम्ही 'साहेब लोकांची गोष्ट' म्हणून सोडून दिलीत.

निवडणूक झाली नाही, हा तुमचा दोष नाही. शेवटचं मतदान जानेवारी २०१५ मध्ये झालं. सदस्यांची मुदत २०२० मध्ये संपली, सहा-सहा महिन्यांनी दोनदा वाढवली गेली, आणि २०२१ पासून परिषद तिघांवर आली: अध्यक्ष, सीईओ आणि सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य. २०२३ ची निवडणूक १७ फेब्रुवारीला जाहीर झाली आणि १७ मार्चला रद्द झाली. बरोबर एक महिना. ज्यांनी दिल्लीत बसून ती रद्द केली त्यांना मी माफ केलेलं नाही. देशभरातल्या छावण्यांतल्या लोकांचा मताचा हक्क एका अधिसूचनेने पुसला गेला. पलीकडे महापालिकेतही २०२० पासून प्रशासक होता, पण तिथे अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. लोखंडी पूल ओलांडून खाम नदीपलीकडे गेलं की माणसाला आपला नगरसेवक निवडता येतो. अलीकडे राहणाऱ्याला नाही. गंगापूर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात वर्षातून चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि तिथे उठून हिशोब विचारता येतो. आम्ही शहरात राहतो, कर भरतो, आणि आम्हाला तेवढंही नाही.

पण निवडणूक रद्द झाली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? सगळे फ्लेक्स दोन दिवसांत उतरले. एक निवेदन नाही, एक सभा नाही, एक अर्ज नाही. तुमची उमेदवारी गेली तसे तुम्हीही गेलात. आमचं मतही गेलं होतं, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही.

छावणीला लागूनच नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये स्थापन केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथे आहे. जयंतीच्या फ्लेक्सवर तुम्ही त्यांच्याशेजारी स्वतःचा फोटो लावता, म्हणून सांगते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या महसुलाचा आणि खर्चाचा अभ्यास करून त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकार पैसा कुठून घेतं आणि कशावर घालवतं, हे शोधण्यात त्या माणसाने तरुणपणाची वर्षं घातली. पुढे संविधान सभेत, मे १९४९ मध्ये, नियंत्रक आणि महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे पैशाचा हिशोब तपासणारा माणूस. त्यांच्या शेजारी उभं राहायचं तर आधी वही उघडायला शिका.

लोकांना विचारून बजेट करता येतं, हे कुठल्या पोथीतलं स्वप्न नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन कामांचा क्रम लोकांनी ठरवला. आपल्या पुण्यात २००६ पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते आहे. तिथे सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणत नाही. पण तिथला माणूस 'माझ्या प्रभागातलं हे काम बजेटमध्ये घ्या' असं लेखी देऊ शकतो. आम्हाला तेवढं तरी मिळवून द्यायचं काम तुमचं होतं.

आता एक गोष्ट येऊ घातली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. छावण्यांमधला नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांत आणि महापालिकांत सामील करायचं केंद्राने ठरवलं आहे. हिमाचलमधली योल छावणी २०२३ च्या एप्रिलमध्ये संपुष्टात आली. उद्या आपली पाळी आली तर लष्कराकडचं येणं कोण वसूल करणार? कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचं ओझं कुणावर जाणार? गाळे, शाळा, दवाखाना, बाजाराची जागा कुणाच्या नावावर चढणार? घरपट्टी कोणत्या दराने लागणार? लग्न मोडलं की बाई आधी आपल्या वस्तूंची यादी करते, भांड्यावरचं नावसुद्धा पाहते. आपली यादी कुणाकडे आहे? ती आज केली नाही तर विलीनीकरणाच्या दिवशी जे वाढतील ते ताटात घ्यावं लागेल.

मला तुमच्याकडून नाली नको. पुढची निवडणूक कधी होईल ते होवो. त्याआधी गेल्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं आणि प्रत्यक्ष खर्च माहिती अधिकारात मागवा. मराठी, हिंदी आणि उर्दूत एका पानावर छापा. फ्लेक्सवर तुमच्या फोटोच्या जागी ते पान लावा. मग आमच्या गल्लीत या. मी पहिला चहा देईन आणि मतही देईन.

तुम्ही आला नाहीत तरी हे काम अडणार नाही. छावणीतल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, येत्या गुरुवारी बाजार करून झाला की सकाळी अकरा वाजता मी परिषदेच्या कार्यालयात दोन अर्ज घेऊन जाणार आहे: एक इतिवृत्त पाहण्याचा, एक अंदाजपत्रक आणि खर्चाचा. गटातल्या सहा जणी बरोबर आहेत. घरपट्टीची पावती घेऊन तुम्हीही या.

आपली,
बचत गटाची वही लिहिणारी मावशी,
छावणी