पारदर्शक झग्याची भानगड

कुजबुज अशी आहे, की सिगारवाल्यांच्या जगात सध्या अब्रूचा प्रश्न उभा राहिलाय. कर्करोग, पडद्यांना लागलेला वास, बायकोची चढलेली भुवई हे प्रश्न नव्हेत. ते सगळे जुने झाले आणि त्यांचं तिथे कुणाला फारसं काही वाटत नाही. प्रश्न आहे सिगारच्या अंगावरच्या सेलोफेनचा. तोच तो पातळ, चकचकीत, बोट लागलं की चुरचुरणारा कागद. सिगार त्यात असावी की उघडी? आणि त्यात असली, तर ती (इथे सिगारवाल्यांचा आवाज एकदम खाली येतो) स्वस्तातली दिसते का?

हसू नका. चांगले कमावते, पोक्त, कोटाच्या खिशात रुमाल ठेवणारे गृहस्थ यावरून हातघाईवर येतात. दुकानातून आणलेली सिगार लाकडी पेटीत, म्हणजे त्यांच्या भाषेत ह्युमिडॉरमध्ये, ठेवायची. पण झगा उतरवून ठेवायची की झग्यासकट? या एका मुद्द्यावर दोन उभे तट पडलेत. एक उघडपक्ष, दुसरा झाकपक्ष.

उघडपक्षाची मिजास आधी ऐकून घेऊ, कारण तो सगळ्यात मोठ्याने बोलतो. त्यांचं काशी-पंढरपूर म्हणजे क्यूबातलं हवाना. तिथली हातवळणीची सिगार आजही सहसा सेलोफेनशिवायच पेटीत निजते. पेटी उघडली की वर रंगीत छापील कागद, तो उचलला की खाली पंचवीस जणी खांद्याला खांदा लावून. त्यांचा क्रमही उगाच लागलेला नसतो. कारखान्यात एक माणूस केवळ रंग पाहून त्या लावतो. सगळ्यात गडद डावीकडे, मग एकेक छटा उतरत सगळ्यात फिकी उजवीकडे. हा फरक इतका बारीक, की साडीच्या दुकानात रंग निवडायला दोन तास लावणाऱ्या आमच्या मावशीनेही हात टेकावेत. आता एवढ्या नजाकतीने मांडलेल्या पंगतीवर कुणी चुरचुरीत कागद चढवला, तर उघडपक्षाच्या काळजात कळ येणारच. त्याहून खानदानी म्हणजे पन्नास सिगारची मोळी, रेशमी फितीने बांधलेली. मोळीच ती, पण फितीमुळे तिला दरबारी मान. तशीच मोळी अमेरिकेत सेलोफेनमध्ये बांधून आली, की लोक नाक मुरडतात, कारण कारखान्यात रंगात किंवा रूपात नापास झालेला माल पूर्वीपासून तसाच विकला जातो. मोळी तीच, तंबाखू कदाचित त्याच शेतातला, पण फीत आणि कागद यांच्यात केवढी ही जातपात!

आणि दुसरं कारण तर उघडपक्ष हळूच सांगतो. अमेरिकेत पेट्रोल पंपाच्या गल्ल्याशेजारी, चुइंगम आणि लायटर यांच्या मधोमध, यंत्रावर वळलेल्या व्हाइट आउल किंवा स्विशर स्वीट्स मिळतात. त्याही बऱ्याचदा सेलोफेनमध्येच. झालं! ज्या कागदात ती पंपावरची, त्याच कागदात आमची? संगतीने बदनाम होणं म्हणतात ते हेच.

आता झाकपक्ष. हे लोक कमी बोलतात, पण बोलले की मुद्द्याचं बोलतात. त्यांचं म्हणणं, दुकानात जरा उभं राहून बघा. गिऱ्हाईक येतं, ह्युमिडॉरमधून सिगार उचलतं, दोन बोटांत धरून हलकेच दाबतं. मग डोळे मिटून ती नाकाखालून आडवी फिरवतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. जाणकार असेल तर नाक अगदी टेकवतं. मिशी असेल तर मिशीसुद्धा टेकते. मग डोळे उघडतं, मान हलवतं, "नको, आज जरा हलकी हवी," म्हणतं आणि सिगार परत जागेवर ठेवतं. पुढचं गिऱ्हाईक येतं आणि तीच उचलतं. मी विचारते, उघडपक्षाच्या खानदानी मंडळींनो, तुम्ही ओढता ती सिगार तुमच्याआधी किती मिशांना भेटून आलीय, हिशेब आहे? मला तरी हा एक मुद्दा निकाली वाटतो. माझं मत झाकपक्षाला.

शिवाय सिगारचं सगळ्यात वरचं पान फार नाजूक. कोरडं पडलं की तडकतं, खिशात दुसऱ्या सिगारला घासलं की फाटतं. त्यात तंबाखूचा किडा. दिसायला तिळाएवढा, पण उबदार हवेत अंड्यातून बाहेर पडला की सिगारमधून आरपार बोगदा खणतो, आणि एकीतून दुसरीत शिरतो. सेलोफेन त्याला कायमचा अडवत नाही, पण शेजारणीकडे जायची वाट तरी अवघड करतो. आणि हा कागद श्वास कोंडतो म्हणून जी ओरड होते, ती अर्धवट माहितीची. सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून होतो. साधा, बिनलेपाचा असला तर पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत-बाहेर जाते, म्हणून पेटीतली सत्तर टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता आतल्या सिगारलाही मिळते, फक्त सावकाश. आमच्या मुंबईत ऑगस्टमध्ये तर पेटीचीही गरज नाही. अख्खं शहरच ह्युमिडॉर, वर बुरशी फुकट.

पण खरी मौज पानाच्या जन्मकथेत आहे. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून, आणि क्यूबातही, वरच्या पानासाठीचा तंबाखू विरळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, ऊन थेट लागू नये म्हणून. एकरच्या एकर शेतं पांढऱ्या कापडाखाली. म्हणजे जे पान जन्मल्यापासून पडद्यात वाढलं, त्याच्यावर मोठेपणी पडदा घातला म्हणून हे लोक चवताळतात!

आता तुम्ही म्हणाल, हा कागद पहिल्यापासूनच बाजारबसवा होता का? छे! हा एके काळचा राजपुत्र. जाक ब्रांडेनबर्गर नावाचा स्विस रसायनतज्ज्ञ फ्रान्समध्ये कापडधंद्यात होता. सांगतात, की उपाहारगृहात टेबलक्लॉथवर वाइन सांडलेली पाहून त्याने डाग न पडणारं कापड करायचा ध्यास घेतला. कापड जमलं नाही, पण त्यावर चढवलेला थर सोलून निघाला, आणि तोच कापडापेक्षा बरा निघाला. वर्षानुवर्षं खटपट करून त्याने त्याचा कागद केला. १९२३ मध्ये अमेरिकेतले हक्क द्यू पाँ कंपनीकडे गेले. पण तो कागद पाणी अडवी, ओलावा अडवत नसे. १९२७ मध्ये त्याच कंपनीतल्या विल्यम हेल चार्च यांनी ओलावा रोखणारा लेप शोधला आणि मग केकपासून सिगारेटच्या पाकिटापर्यंत जो तो सेलोफेन नेसू लागला.

आणि नुसता दुकानात नाही हो, थेट रंगमंचावर! १९३४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला लेखिका गर्ट्रूड स्टाइन आणि संगीतकार व्हर्जिल टॉमसन यांचा ऑपेरा झाला, त्याचा पडदा आणि देखावे चित्रकार फ्लोरिन स्टेटहायमर यांनी सेलोफेनचे केले. त्याच साली गीतकार कोल पोर्टरने एका संगीत नाटकाच्या गाण्यात प्रियेला ज्या ज्या उत्तम वस्तूंची उपमा दिली, त्यांत सेलोफेनही आहे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी प्रेयसीला "तू सेलोफेनसारखी" म्हटलेलं चालत होतं. आज सिगारलाही म्हटलेलं चालत नाही. पुढे तर याची भानगड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. बाजारातला जवळपास पंचाहत्तर टक्के सेलोफेन द्यू पाँचा, मग ही मक्तेदारी नव्हे काय? १९५६ मध्ये कोर्टाने सांगितलं, की नव्हे, कारण बांधायला मेणकागद आहे, फॉइल आहे, आणि त्या सगळ्या बाजारात सेलोफेनचा वाटा वीस टक्क्यांहूनही कमी. बघा, कोर्टातही त्याची तुलना शेवटी मेणकागदाशीच झाली. उतरती कळा लागली ती अशी.

सिगारच्या बाबतीत या कळेला राजकारणाचाही हात लागला. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. त्यांचे प्रसिद्धिसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली गोष्ट चघळण्यासारखी आहे. साहेबांनी त्यांना आदल्या संध्याकाळी बोलावून पेटिट उपमान जातीच्या हजारएक क्यूबन सिगार सकाळपर्यंत जमवायला सांगितल्या. त्यांनी बाराशे जमवल्या. तेव्हा कुठे साहेबांनी बंदीच्या हुकुमावर सही केली! आधी पोटोबा, मग विठोबा. साहेबांची सोय झाली, बाकीच्या अमेरिकेला मात्र डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वाची सिगार आली, आणि ती बहुतेक वेळा सेलोफेनमध्ये. मग उघडी म्हणजे चोरून आणलेली हवानाची, झाकलेली म्हणजे दुकानातली रीतसर, असा हिशेब डोक्यात बसला. निषिद्ध फळाला साल नसते, असं लोकांना वाटू लागलं.

पण या हिशेबाला सुरुंग लावणारी नावं उघडपक्ष सोयीस्करपणे विसरतो. डेव्हिडॉफ घ्या. क्यूबाशी बिनसलं तेव्हा, १९८९ मध्ये, झिनो डेव्हिडॉफ यांनी आपल्याच नावाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक सिगार जाळल्या. ओढून नव्हे, ढीग लावून! दर्जा पटत नव्हता म्हणे. मग ते डॉमिनिकन रिपब्लिकला गेले. आज डेव्हिडॉफची किंमत ऐकून घाम फुटतो आणि ती येते सेलोफेनमध्ये. पाद्रोन येते सेलोफेनमध्ये. फुएन्तेची ऑपस एक्स, जिच्यासाठी लोक दुकानदाराशी सोयरीक जोडायला तयार असतात, तीही सेलोफेनमध्ये. यांना कुणी स्वस्त म्हणून दाखवावं. सिगार स्वस्त दिसते ती बेढब वळण, फिकटलेलं पान आणि पेट्रोल पंपाच्या गल्ल्यामुळे. कागद बिचारा मधल्या मधे शिव्या खातो.

तरीही, हातात घेतल्यावर सेलोफेन न काढताच मिरवणारे महाभाग आहेत, हे मान्य करायला हवं. नव्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक वर्षभर न काढणारी आपल्याकडची माणसं आठवा, तीच जात. अशांच्यामुळे झाकपक्षाची मान खाली जाते.

इंग्रजांचं तर काही विचारू नका. त्यांच्यात कागदावरून नव्हे, सिगारच्या कमरेच्या छापील पट्टीवरून घराणी ओळखली जात. पट्टी ठेवून ओढणं म्हणजे किंमत मिरवणं, आणि सभ्य माणूस किंमत मिरवत नाही, अशी जुनी शिस्त. चर्चिल यांची तऱ्हा आणखी निराळी. ते सिगार चघळून चघळून ओली करत, म्हणून तोंडाकडच्या टोकाला तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळत, आणि तिला त्यांनी बेलीबँडो असं लाडाचं नावही ठेवलं होतं. आता सांगा, ज्या माणसाच्या नावाने सिगारचा एक आकारच ओळखला जातो, तो स्वतः तपकिरी कागद गुंडाळून ओढत होता! उघडपक्षाने यावर काय म्हणावं?

पण सगळ्यात खमंग बातमी मी मागे ठेवलीय. जे लोक सेलोफेन पाहून नाक मुरडतात, तेच जुन्या सिगारवरचा पिवळा पडलेला सेलोफेन पाहून गहिवरतात. तंबाखूतली तेलं वर्षानुवर्षं कागदात मुरतात आणि पारदर्शक कागद आधी लिंबासारखा, मग मधासारखा होतो. पेटी उघडून पिवळे कागद दिसले, की मंडळी कुजबुजायला लागतात, "मुरलीय, मुरलीय." भाव चढतो. कागद तोच. काल बाजारबसवा होता, आज वयस्कर झाला म्हणून आजोबा. नवा असताना त्याला फाडून फेकणारे आता त्याला हात लावू देत नाहीत. याला मी ढोंग म्हणणार नाही. फार तर सोवळं म्हणेन.

मधला एक तिसरा पंथही निघालाय. हे लोक सेलोफेन काढत नाहीत, पण त्याची दुमडलेली शेपटी कातरतात आणि सिगारचं टोक जरासं बाहेर काढून पेटीत ठेवतात. हवाही खेळते, अंगही झाकलं जातं. दोन्ही पक्ष त्यांना बाटगे म्हणतात.

आपल्या बाजूला बघाल तर या भांडणाला सरकारनेच हात घातलाय. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून पंचाऐंशी टक्के जागा भयंकर चित्राची आणि इशाऱ्याची. उरलेल्या पंधरा टक्क्यांत खानदान दाखवायचं म्हणजे कठीणच. पूर्वी तिरुचिरापल्लीचे चिरूट विनाकागद, विनाबडेजाव लंडनपर्यंत जात. शेरलॉक होम्सच्या १८८७ मधल्या पहिल्याच कादंबरीत राखेवरून ओळखला जातो तो तिथलाच चिरूट. निपाणीच्या तंबाखूची विडी तर टेंभुर्णीच्या पानात आणि दोऱ्याच्या गाठीत सुखाने नांदली. तिला कुणी सेलोफेन नेसवला नाही आणि तिने मागितलाही नाही. आता मात्र महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी. कारण काय, तर सुट्या काडीवर इशारा दिसत नाही, पाकिटावर दिसतो. म्हणजे मुंबईच्या मंत्रालयाने या जागतिक वादात, कुणी न विचारता, रीतसर अधिसूचना काढून झाकपक्षाला पाठिंबा दिलाय. आता उघडपक्षाच्या मुंबईकर मंडळींनी आझाद मैदानात उपोषणाला बसावं.