दंडाला बाशिंग

घरात एखादा बॉडीबिल्डर निपजला की पहिला घाम त्याची आई गाळते. बाकीच्यांना फोडणीची आमटी, याला उकडलेलं बिनमिठाचं चिकन. बाकीच्यांना पातेल्यातला भात, याला काट्यावर तोललेला. दिवसाचे सहा डबे, सहा झाकणं. ती घासणारे हात मात्र याच्या त्या पिळदार दंडांना जोडलेले नसतात.

आता मुद्द्याचं. एवढं कडक खावं लागतं का?

लागतं की! ज्याला स्टेजवर उभं राहायचंय त्याला. तेही स्पर्धेआधीचे काही महिने. 'महाराष्ट्र श्री'च्या रांगेत उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर चरबी जेमतेम पाच-सहा टक्के उरलेली असते. परीक्षक स्नायूंच्या रेघा बघतात, तिथे लाडवाचाही हिशोब द्यावा लागतो. पण ते शरीर एका दिवसापुरतं घडवलेलं असतं. अंगाला रंग फासलेला, घशाला कोरड, आणि हसू परीक्षकांसाठी. स्पर्धा संपली की तोच वीर मिसळीवर तुटून पडतो. कसलेला खेळाडू वर्षाचे दोन भाग करतो, कटिंग आणि ऑफ-सीझन. आमच्या गल्लीतल्या पठ्ठ्याला सीझनच नाही, त्यामुळे ऑफ-सीझनही नाही. लग्नाची घाई झालेला निदान गुडघ्याला बाशिंग बांधतो. याने ते दंडाला बांधलंय, आणि तेही बारमाही.

बारमाही अर्धपोटी राहिलं की काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तपासून झालंय. मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथाईने उतरलं. अंगात कायम थंडी, स्वभाव चिडका, आणि डोक्यात अष्टौप्रहर अन्न. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आमचा पठ्ठ्या रात्री बारा वाजता पांघरुणात मोबाइल धरून तर्री ओतण्याचे रील बघतो. फरक एवढाच की त्या तरुणांवर प्रयोग शास्त्रज्ञ करत होते, याच्यावर हा स्वतःच करतो.

बरं, शास्त्राचं मागणं तरी किती? साध्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपली वैद्यक संशोधन परिषद सांगते. वजनं उचलणाऱ्याला त्याच्या दुप्पट, किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास. त्यापुढे ओतत गेलं तरी स्नायूंना सहसा फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे ७० किलोच्या गड्याला ११२ ग्रॅम. आता घरचं स्वयंपाकघर उघडा. चार अंडी २४, दीडशे ग्रॅम शिजलेलं चिकन ४५, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण १२, चार पोळ्या १२, मूठभर शेंगदाणे ७. बेरीज ११६. चार ग्रॅम शिल्लक! श्रावण असेल तर चिकनच्या जागी ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि शंभर ग्रॅम पनीर. यात कुठेही परदेशी डबा नाही, आणि आईला दुसरी चूलही मांडावी लागत नाही.

तरी हा जिमच्या पायरीवरच शेकर खडखडवणार. अर्ध्या तासात नाही प्यायला तर म्हणे मेहनत पाण्यात! स्नायू असे घड्याळ लावून बसलेले नसतात. दिवसभराची बेरीज पुरी झाली की त्यांचं काम भागतं.

मनोहर ऐच यांचं नाव याने ऐकलेलं नसतं. उंची ४ फूट ११ इंच, १९५२ साली आपल्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स', आणि २०१६ साली वयाच्या १०४व्या वर्षी निधन. हा बंगाली माणूस भात, डाळ, मासे, भाजी आणि दूध यांवर पोसला. त्याच भाताला आमचा गडी 'कार्ब्स' म्हणून घाबरतो.

शिवाय हा कडकपणा निवडक असतो. आईच्या पोह्यांतलं तेल मोजतो, पावडरच्या डब्यामागचं लेबल वाचत नाही. मावशीच्या लाडवाला बाणेदारपणे नकार देतो, पण पाय मारायचा दिवस आला की गुडघा दुखतो. झोपेचं पथ्य तर नाहीच. आणि रविवारी 'चीट डे'. सहा दिवस रोज ३०० कॅलरी कमी खाऊन १८०० वाचवायच्या, सातव्या दिवशी बिर्याणी, दोन बिअर आणि वर मस्तानी. खातं परत शून्यावर! आठवडाभर घरच्यांचा केलेला छळ तेवढा जमेला उरतो.

मग किती कडक राहावं? प्रथिनांची बेरीज रोज भरावी. पानात भाजी असावी. आठवड्यातून एकदा वजनकाट्यावर उभं राहावं, आणि तो ज्या दिशेला सरकेल त्याप्रमाणे एक पोळी कमी-जास्त करावी. रात्री सात-आठ तास झोपावं. हे वर्षानुवर्षं करावं. एवढंच. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून तर ते कुणी करत नाही.

उरला सणवार. वर्षाला दिवसाची तीन जेवणं धरली तर १,०९५ होतात. होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ आणि चार लग्नांच्या पंगती धरूनही पंचविसेक पानं. एवढ्याने दंड वितळत असेल, तर तो दंड नव्हे, सूज होती.