सर्व्हिस कुणाची?

आमच्या घरात खेळाडू एकच आणि तो मी, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता घरातलं कुणी ते नाकारतही नाही. नाकारायला आधी ऐकावं लागतं. कॉलेजात असताना मी आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटन स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली होती. ‘बाबा, स्पर्धेत एकूण किती जण होते?’ असं चिरंजीवांनी एकदा विचारलं, तेव्हा मी त्याला गणिताचं पुस्तक काढायला लावलं. माझा एक प्रतिस्पर्धी कावीळ होऊन घरी पडला होता आणि दुसऱ्याची एसटी चुकली होती, हे तपशील इतिहासाच्या दृष्टीनं गौण आहेत. इतिहास निकाल बघतो.

त्यामुळे रविवारी ‘मुलांना घेऊन कुठंतरी जाऊ या’ असा विषय निघाला की मी खुंटीवरची रॅकेट काढतो, गटिंगवर अंगठा फिरवून टण् असा आवाज काढतो आणि कपाळावर पट्टी बांधतो. पुण्यात सहकुटुंब बागेत जाणाऱ्या माणसाकडून एवढ्या तयारीची अपेक्षा नसते. सारसबागेत जायचं, तळ्यातल्या गणपतीला हात जोडायचे, हिवाळा असेल तर त्याच्या अंगातला स्वेटर आणि डोक्यावरची कानटोपी दाखवून ‘बघ, देवसुद्धा घालतो’ असं पोराला ऐकवायचं आणि मग तासभर खायचं. पेशवे पार्कात जायचं, १९५६ पासून पोरांना फिरवत आलेल्या फुलराणीत गुडघे कानाला लावून बसायचं आणि उतरल्यावर खायचं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जायचं. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर दहा एकरांत केलेलं आहे आणि इतकं नेटकं आहे, की आपण शर्टाला इस्त्री न करता आलो याची शरम वाटते. तिथं खाता येत नाही, म्हणून घरी येऊन खायचं.

आमच्या भागातली बाग अशी नामांकित नाही. तिथं फाटकावरच एक पाटी आहे. हिरवळीवर बसू नये. फुले तोडू नयेत. सायकल आणू नये. चेंडू खेळू नये. झोपाळा फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. हे सगळं न करायला आपण आत यायचं. तेही सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारनंतर, कारण मधल्या वेळात बाग बंद. उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना झाडाची सावली नेमकी त्याच वेळी हवी असते, आणि ती फाटकाच्या गजांतून छान दिसते. बागेच्या कोपऱ्यात ओपन जिम आहे. तिथल्या पायडलवर उभे राहून एक आजोबा जराही न हलता अख्खं वर्तमानपत्र वाचतात. व्यायाम होतो तो पान उलटताना.

तर या बागेत मी एकदा शटल हवेत उडवलं आणि शिट्टी वाजली.

‘चेंडू बंद आहे साहेब,’ रखवालदार मामा म्हणाले.

‘मामा, हा चेंडू नाही,’ मी म्हणालो. ‘हे शटल. याला हंसाच्या जातीच्या पक्ष्याची सोळा पिसं असतात. तीही एकाच बाजूच्या पंखाची, म्हणजे ते उडताना एकाच दिशेनं फिरतं. वजन साडेपाच ग्रॅमच्या वर जात नाही. याच्यानं कुणाचं काय फुटणार?’

मामांनी शटलकडे बघितलं. ते नायलॉनचं होतं.

‘उडतंय ना? मग बंद.’

इथं कुणीही शहाणा माणूस शटल खिशात घालून भेळेच्या गाडीकडे वळला असता. पण माझ्यातला पुणेकर जागा झाला. हा खेळ पुण्यात बंद? पुण्यात? मी मामांना बाकावर बसवलं आणि मुळापासून सुरुवात केली. १८७० च्या सुमारास आपल्या लष्कर भागातले गोरे अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत. तो त्यांनी बोटीत घालून विलायतेला नेला. तिथं ड्यूक ऑफ ब्यूफर्ट नावाच्या बड्या असामीच्या बॅडमिंटन हाउस या वाड्यात पाहुणे मंडळी तो खेळली आणि खेळाला नाव पडलं ते वाड्याचं. घाम आमच्या कँपात गाळला आणि श्रेय घरमालकाला! मामा, आपण भाडेकरू माणसं, आपल्याला हे कळायला हवं.

मामांना ते कळलं असावं, कारण त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मला तेवढं उत्तेजन पुरलं. मी नंदू नाटेकरांवर आलो. नाटेकर हा माझा विषय आहे. त्यावर मला बोलू दिलं तर भेळ मऊ पडते, असं घरात म्हटलं जातं. सांगलीत १९३३ साली जन्मलेला हा माणूस आधी टेनिस खेळायचा. राष्ट्रीय ज्युनिअर टेनिसच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडे वळला. (मीही हरल्यावर वळलो, दुसरा खेळ न सापडल्यानं लेखनाकडे.) १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात असं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू! १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तर पहिल्याच यादीत नाव. आणि १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. आता मामा, उपांत्यपूर्वच्या पुढची फेरी कोणती? उपांत्य. म्हणजे नुसत्या फेऱ्यांचा हिशेब केला तर नाटेकरांच्या एक फेरी पुढं गेलेला माणूस आत्ता तुमच्या शेजारी बाकावर बसला आहे.

मामा उठले, त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि बोलता येत नसल्यानं फाटकाकडे बोट दाखवलं.

अशा रीतीनं आमचं कुटुंब बागेतून हॉलमध्ये आलं. जवळच्या क्रीडासंकुलात तासाच्या हिशेबानं बॅडमिंटन कोर्ट मिळतं. म्हणजे मिळत नाही. संध्याकाळचे सगळे तास ‘ग्रुप’वाल्यांनी धरून ठेवलेले असतात. ग्रुप म्हणजे माझ्याच वयाचे, माझ्याच पोटाचे आणि माझ्याच उपांत्य फेरीचे पुरुष. महिलांसाठी खास राखीव वेळ आहे, दुपारी बारा ते दोन. शाळेची बस पाऊण वाजता येते, हे वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक नसावं. त्याच्या घरी ती दुसरं कुणीतरी गाठत असणार. मी ओळखी काढून रविवारी संध्याकाळचा एक तास पदरात पाडून घेतला आणि घरी आल्यावर जाहीर केलं, ‘यापुढं आपण सगळे मिळून खेळायचं.’

सगळे मिळून म्हणजे कसं, ते सांगतो. कोर्टवर मी आणि मुलगा. मग मी आणि मुलगी. मग ती दोघं, आणि मी ‘फूटवर्क बघा, फूटवर्क’ म्हणत बाजूला. आणि सौभाग्यवती पायरीवर. तिच्या मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, माझा चष्मा, स्कूटरची आणि घराची चावी, मुलीचं घड्याळ, मुलाच्या दातांची तार डबीत. पायाशी पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोजचा पुडा आणि घरचं भडंग. कुणी नुसता हात पुढं केला की त्या हातात नेमकी त्याचीच बाटली पडायची, झाकण सैल केलेली. हे सगळं चालू असताना ती कोर्टकडे बघत असायची, आणि आपला खेळ ती मुग्ध होऊन बघते आहे असं मी धरून चाललो होतो.

जुन्या पद्धतीत सर्व्हिस ज्याच्या हाती, गुण त्यालाच मिळायचा. माझ्या पिढीला ते सोयीचं होतं. हरायलाही बराच वेळ लागायचा आणि त्यामुळे मानानं हरता यायचं. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि २१ ला खेळ खलास. मुलं मला या नव्या पद्धतीनं हरवू लागली, तेव्हा मी गुडघ्याला नीकॅप चढवली आणि ‘एकेरी हा खेळच नव्हे, खरं कौशल्य दुहेरीत’ असा विचार मांडला. त्यावर मुलगी म्हणाली, ‘मग चौघं खेळू. आई माझ्या बाजूला.’

‘मला नाही गं येत,’ सौभाग्यवती म्हणाली.

‘हे सामान?’ मी म्हणालो. मुलीनं ते सगळं तिच्या मांडीवरून उचलून पायरीवर ठेवलं.

तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. आत नॉन-मार्किंग बूट लागतात, म्हणून मुलीनं आपल्या पिशवीतला जुना जोड तिला दिला. रॅकेट तिनं धरली ती झाऱ्याच्या दांड्यासारखी. मी जाळीपलीकडून दयाळूपणे म्हणालो, ‘घाबरू नकोस, मी हळू टाकतो.’ टाकलं. परत आलं. जरा लांब टाकलं, परत आलं. मग जाळीला चिकटून अलगद खाली सोडलं. हा माझा खास फटका. उपांत्य फेरीत एसटी वेळेवर आलेल्या एकमेव खेळाडूविरुद्ध मी तो वापरला होता. ती कोर्टच्या मागच्या रेषेवरून निघाली, अंग झोकून पुढं आली आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर ते शटल उचलून माझ्या डोक्यावरून मागं टाकलं. तिला स्मॅश येत नव्हता, बॅकहँड नावाची वस्तू ठाऊक नव्हती. ती फक्त शटल खाली पडू देत नव्हती. डावीकडे झुकायची, मी डावीकडे धावायचो आणि शटल उजवीकडे पडायचं.

‘आई, हे काय होतं?’ मुलीनं विचारलं.

‘हूल,’ ती म्हणाली. ‘खो-खोत देतात तशी.’

ती शाळेच्या खो-खो संघात होती. जिल्ह्यापर्यंत खेळलेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घराला सुनेचं माहेरचं जेवढं माहीत असतं, तेवढं माहीत होतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी पाठवलेला कागद मला अजून आठवतो. आवड: वाचन, विणकाम, रांगोळी. विणकाम तिला आजही येत नाही. खो-खो गाळला होता, कारण मुलगी धावते, पोल मारते, गुडघे फोडून घेते, हे कुणी सांगितलं असतं? माझ्या कागदावर मात्र उपांत्य फेरी होती, अधोरेखित. खो-खोचे नियम पहिल्यांदा पुण्यातच बांधले गेले, मैदानात एका संघाच्या नऊ जणी उतरतात, पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की मागं वळता येत नाही, हे तिनं त्या संध्याकाळी मुलांना सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या नऊ जणींपैकी आता कोण खेळतं, असं मी विचारलं. ती कुणाबद्दल कडवट बोलत नाही, तशी तेव्हाही बोलली नाही. ‘कुणी नाही,’ म्हणाली, ‘पण धावतायत सगळ्या.’

मला यावर काहीतरी विनोदी सुचायला हवं होतं, कारण माझा तो धंदा आहे. सुचलं नाही. गाव सोडा, या एवढ्या शहरात चाळिशीच्या बाईनं संध्याकाळी सातला नुसतं खेळायला बाहेर पडायचं ठरवलं, तर तिच्यासाठी कुठली जागा मोकळी आहे, याचा मी पायरीवर बसून विचार केला. बागेत शिट्टी, हॉलमध्ये ग्रुप, झोपाळ्यावर पाटी आणि घरी आम्ही. कुटुंबाची करमणूक म्हणून आपण जे करतो त्यात कुटुंब करमतं, आणि ते करमावं म्हणून एक बाई चाव्या सांभाळते.

सांगायचं राहिलं, त्या चाव्या. तासभर त्या पायरीवर उघड्या पडल्या होत्या. मोबाइल, चष्मा, दातांच्या तारेची डबी, सगळं. इतकी वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून जपलेल्या त्या ऐवजाला कुणी हातसुद्धा लावला नाही. भडंग तेवढं संपलं होतं, ते ग्रुपवाल्यांनी.

घरी येताना मी सावरलो आणि स्कूटरवर नाटेकर सुरू केले. सेलांगरपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘अहो, आणि देवधरांच्या मुली?’

‘कुठल्या देवधरांच्या?’

‘दि. ब. देवधर. क्रिकेटवाले.’

‘त्यांचं क्रिकेट मला शिकवू नकोस. १९३९-४० आणि १९४०-४१, महाराष्ट्राला ओळीनं दोनदा रणजी.’

‘हो, पण त्यांच्या मुली बॅडमिंटन खेळायच्या. तारा, सुंदर आणि सुमन. तिघी बहिणी. १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या त्यांनी. आमच्या खेळाच्या बाई सांगायच्या.’

म्हणजे नाटेकरांच्याही आधी, माझ्याच पुण्यात, एकाच घरातल्या तीन मुली या खेळात देशभर नाव काढून गेल्या होत्या, आणि मी रखवालदार मामांना सांगितलेल्या समग्र इतिहासात त्यांना जागा नव्हती. सिग्नल हिरवा झाला तरी मी स्कूटर काढली नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

आता दर रविवारी ती आणि मुलगी एका बाजूला असतात. आमची बाजू २१ पर्यंत क्वचित पोचते. ‘सर्व्हिस कुणाची?’ असं मी अजून सवयीनं विचारतो आणि तिघंही एका सुरात ‘आईची’ म्हणतात. सोसायटीत मात्र मी खरी गोष्ट सांगतो. इतकी वर्षं पायरीवर बसवून तिला खेळ नीट बघायला लावला तो मी, संयम शिकवला तो मी, आणि सोपे फटके टाकून तिचा हात बसवला तोही मीच. खेळाडूंना अर्जुन असतो, तसा १९८५ पासून प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे. त्याच्या अर्जाला शिष्याची सही लागते का, एवढीच चौकशी बाकी आहे. लागत असेल तर मात्र अवघड आहे.