जरतर रायर

कुंभकोणमच्या तंजावरी मराठी मंडळींत असे एक रायर हमखास भेटतात. वय पासष्टीच्या पुढे, कपाळी अंगार-अक्षत, खांद्यावर उपरणं. जगाचा इतिहास त्यांना मंजूर नाही. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तिथवर ठीक चाललं होतं म्हणतात. डबऱ्यातली डिग्री कॉफी टंबलरमध्ये हातभर उंचीवरून ओतली, फेस आला, की ‘समजा’ सुरू.

सध्या त्यांना इराणनं पछाडलंय. निमित्त आन शिगाव, प्राचीन इराणातला पार्थियन राजपुत्र. चिनी परंपरा सांगते, की बाप गेल्यावर गादी चुलत्याला देऊन तो भिक्षू झाला. इ. स. १४८ मध्ये लुओयांगला पोचला आणि पुढं बौद्ध ग्रंथ चिनीत उतरवत बसला.

“गादीवर बसून बौद्ध व्हायला काय झालं होतं? अशोक नव्हता झाला?”

मग रायर स्वतःच इराण बौद्ध करून टाकतात. सासानी घराणं उगवतच नाही, अग्निमंदिरांचे विहार होतात, पारशी संजाणला उतरत नाहीत. त्यामुळे मुंबईत इराणी हॉटेल नाही, बनमस्का नाही. इथं मुंबईचा पाहुणा कासावीस होतो. रायरांना दयामाया नाही. इराणी भिक्षूंची गलबतं थेट नागपट्टणमला लागतात. श्रीविजयच्या राजानं चोळांच्या अमदानीत बांधवलेला चूडामणी विहार तिथं होताच. कुणी हसलं, तर कुंभेश्वराच्या देवळातला १५८० चा शिलालेख पुढं करतात. त्यात जवळच्या तिरुविळंदुरैच्या बुद्धमंदिराचा उल्लेख आहे, आणि तो खरा आहे. वाचन पक्कं, कल्पना तेवढी मोकाट.

पण त्यांचा खरा राग वेगळाच. “राज्य सोडलं, सोडलं. पण चुलत्याला?” इथं आवाज चिरकतो. अग्रहारातल्या घराच्या तिण्णैवरून, म्हणजे चार माणसं टेकतील एवढ्या ओट्यावरून, त्यांचा धाकट्या काकांशी कोर्टात दावा चालू आहे. काका नव्वदीला टेकलेत. रोज संध्याकाळी दोघं त्याच ओट्यावर, मध्ये घडी घातलेल्या पेपराएवढी जागा सोडून, एकमेकांकडे पाठ करून बसतात. कॉफी मात्र एकाच स्वयंपाकघरातून येते.

कधी तिकडं गेलात तर रायरांचं इराण जरूर ऐका. फक्त ओट्याच्या उजव्या अंगाला बसा. डावीकडे टेकलात, तर काका तुम्हाला साक्षीला बोलावतील.