कागदी पाहुणचार

निवृत्तीनंतर माणसाने छंद जोपासावा, हे आमच्या सोसायटीतल्या काका-काकूंनी फारच मनावर घेतले, याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. काकू क्विलिंग करतात. पाच मिलिमीटर रुंदीच्या केशरी पट्ट्या सुईवर गुंडाळून त्यांनी अशी जिलेबी केली की फक्त पाक तेवढा नव्हता. काकांचा प्रांत धाडसी स्वयंपाक. त्याच दुपारी त्यांनी पुरणपोळीत किमची भरली. कमलाबाई ओगले यांच्या १९७०च्या 'रुचिरा'ने घराघराला वाटी-चमच्याचे माप दिले. काकांनी तो जाच झुगारून ते पुस्तक काकूंच्या ओल्या कागदांवर वजन म्हणून ठेवले. ग्रंथाचा इतका सर्वांगीण उपयोग विरळाच.

आमची नम्र सूचना अशी, की दोन्ही छंदांचे विलीनीकरण व्हावे. पाहुण्यांना ताट कागदाचे दाखवावे आणि खरे ताट थेट ओल्या कचऱ्यात जावे. मध्ये पाहुण्याचे पोट हा एक अनावश्यक टप्पा आहे. (इनोचाही खर्च वाचेल.) सोसायटीने ठराव एकमताने संमत केला, आणि लगेच प्रात्यक्षिकही झाले. तळमजल्यावरच्या आजोबांनी किमचीची पोळी हुंगून बाजूला सारली आणि कागदी जिलेबी उचलली.

"डिंकाची आहे ना? मग पौष्टिकच."

दुसरीही मागून घेतली.