क्लिक थ्री पाठवून द्या

रॉचेस्टर, न्यू यॉर्क

ती. बाबा आणि आईस,


पाकिटावर लाल लाखेची मोहोर बघून दचकू नका. कोर्टाची नोटीस नाही. तुमच्या नातीने लावली आहे. ‘आजोबांना खरं पत्र लिही’ असा सईचा हुकूम झाला. लाख, मोहोर आणि खरबरीत कागद यांचे पैसे अर्थात माझे. पत्र पोचेपर्यंत आपलं फोनवर सगळं बोलून झालेलं असेल, तेव्हा शिळ्या बातम्या गोड मानून घ्या.

मुद्द्याचं म्हणजे, तिला तुमचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा हवा आहे. गोदरेजच्या कपाटात, तपकिरी कातडी पिशवीतला, बडोद्यात बनलेला.

इथे सगळ्या पोरांना रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय. खिशात झकास फोन असतो, पण त्यातला फोटो म्हणे ‘फार स्पष्ट’ येतो. मग जुन्या बाजारातून कॅमेरा आणायचा, रोल घालायचा, धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट बघायची. रोल आणि धुलाई मिळून पंचवीस-तीस डॉलर सहज जातात. एवढं करून निम्म्यांत डोकी कापलेली. तुम्ही काढलेल्या माझ्या मुंडकं नसलेल्या फोटोवर आई अजून बोलते ना? इथे त्याला कला म्हणतात. आईला हे वाचून दाखवाच.

आणि हे चाललंय कुठे, तर रॉचेस्टरमध्ये! कोडॅकचं गाव हे. १९८२च्या सुमारास इथली साठेक हजार माणसं कोडॅकमध्ये होती. पहिला डिजिटल कॅमेरासुद्धा १९७५ साली त्यांच्याच एका इंजिनियरने इथे बनवला, आणि कंपनीने तो झाकून ठेवला. रोलचा धंदा बुडेल ही भीती. व्हायचं ते टळलं नाही, २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज गेला. आमच्या शेजारचे आजोबा त्याच कारखान्यात अंधाऱ्या खोलीत फिल्मवर काम करायचे. सईच्या गळ्यातला कॅमेरा बघून ते आधी हसले, मग म्हणाले, “तुम्ही लोक वीस वर्षं आधी का नाही आलात?” फिल्म मात्र अजून इथेच बनते, तुमच्या कॅमेऱ्याला लागणारी १२० नंबरचीसुद्धा.

मला या जुन्याच्या प्रेमाचं थोडं हसूच येतं. रॉकेलच्या रांगेची फॅशन परत आलेली मी अजून पाहिली नाही. पहाटे चारला येणाऱ्या नळाच्या पाण्याचीही नाही. जे नको झालं की कपाटात ठेवून देता येतं, तेवढंच जुनं यांना आवडतं. तुमच्या रोलमध्ये फोटो बारा, आणि त्या बारांत दिवाळी, मुंज, आत्याचं डोहाळजेवण आणि नवीन स्कूटर बसवायची. “हलू नका” म्हणून तुम्ही इतका वेळ लावायचा की सगळ्या फोटोंत आम्ही श्वास कोंडलेले दिसतो. हौस होती, पण हिशेबही होता. सईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणूनच तर हवाय. बारा म्हटले की नीट बघावं लागतं.” आता यावर काय बोलायचं? पण हीच मुलगी धुतलेल्या रोलच्या निगेटिव्ह दुकानातच सोडून येते, फोनवर स्कॅन आले की झालं! आपल्याकडे त्या बिस्किटाच्या डब्यात, नॅप्थालिनच्या गोळ्यांसकट. डबा आहे ना अजून?

तुमच्या जावयाचं, मंदारचंही एक खूळ सांगते. इथे जुने बिडाचे तवे लोक शोधून शोधून, घासून, तेल पाजून वापरतात. आपला तवा आईने मोडीत घालून नॉनस्टिक आणला होता, हे त्याला कळलं तेव्हापासून तो सासूबाईंचं नाव जरा सुस्कारा टाकून घेतो.

तर डिसेंबरात मावशी येतेय, तिच्याबरोबर कॅमेरा द्या. मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत. आत अर्धवट रोल असणार याची मला खात्री आहे, कारण रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही हा तुमचा कायदा आणि रोल संपवायचा नाही ही तुमची सवय. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा दिसेल, तो फोनवर सांगा. पण झाकण उघडून बघू नका! आणि मावशीला सांगा, विमानतळावरच्या तपासणीत मशिनीत न घालता हाताने बघा म्हणावं. तिचं इंग्रजी चालेल, आवाज पुरेसा आहे.

बिडाचा तवा कुठे मिळाला तर तोही, पण तिची तेवीस किलोची बॅग भाजणीने भरल्यावर जागा उरली तरच. भाजणीला हात लावायचा नाही.

तुमची,
मनू